लाल डबी, निळी डबी: चुकीची बाजू आणि चुकीची वेळ

कूलरचा पंप शोधायला मार्चमध्ये माळा उपसला की पंपाआधी भलतंच काही हाती लागतं. घरचं कोणी २००६-०७च्या सुमारास अमेरिकेत असेल, तर एखादं खोकं निघतं आणि त्यात सिनेमांच्या डब्या असतात. काही लाल पारदर्शक, काही निळ्या, ब्ल्यू-रेच्या. लाल डबीवर ‘एचडी डीव्हीडी’ लिहिलेलं असतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. नावावरून वाटतं, ही चांगल्या प्रतीची डीव्हीडी असणार. घरच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये टाकली की तो दोन-चारदा घरघरतो आणि ‘नो डिस्क’ म्हणतो. मग नागपूरच्या बर्डी बाजारातून कधीकाळी आणलेल्या ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये टाकून पाहतात. तिथेही तेच.

त्यावर घरातलं कोणीतरी म्हणतंच, “घाई केली ना, म्हणून फसले.” हे अर्धंच खरं आहे. तोशिबाच्या बाजूची एचडी डीव्हीडी आणि सोनीच्या बाजूची ब्ल्यू-रे या डीव्हीडीची जागा घ्यायला आलेल्या दोन प्रतिस्पर्धी तबकड्या, आणि त्यात एचडी डीव्हीडी हरली. अशा फॉरमॅटच्या लढाईत पहिल्या ग्राहकाचं नुकसान दोन वेगळ्या वाटांनी होतं: एक चुकीची बाजू निवडल्याने, दुसरं बाजू बरोबर असूनही वेळ चुकल्याने. या दोन नुकसानांची जात वेगळी, लक्षणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी तबकड्या. बाहेरून जुळ्या बहिणीच: व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, लेझर दोन्हींसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. (डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल.) चित्र दाबून बसवायच्या पद्धतीही सामाईक: एमपीईजी-२, व्हीसी-१ आणि एच.२६४. फरक आहे तो माहितीचा थर किती खोल पुरलाय यात. एचडी डीव्हीडीत तो डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत, चिकटवलेल्या दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो. ब्ल्यू-रेत तो पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटरवर असतो.

यामागे भिंगाचं गणित आहे. भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं, त्याच्या आकड्याला तंत्रज्ञ ‘एनए’ म्हणतात. एचडी डीव्हीडीत तो ०.६५, ब्ल्यू-रेत ०.८५. एनए जितका मोठा तितका लेझरचा ठिपका बारीक, आणि ठिपक्याचं क्षेत्रफळ एनएच्या वर्गाच्या उलट बदलतं. ०.८५ला ०.६५ने भागून वर्ग केला की साधारण १.७ येतात. आता क्षमता बघा: एका थरात एचडी डीव्हीडी १५ जीबी, ब्ल्यू-रे २५ जीबी. गुणोत्तर जवळजवळ तेच. पण मोठ्या एनएची किंमत मोजावी लागते. तबकडी जराशी कलली की ठिपका फाकतो, आणि हा दोष एनएच्या घनाने वाढतो, शिवाय वरच्या प्लास्टिकच्या जाडीच्या पटीतही. म्हणून ब्ल्यू-रेला थर वर आणावाच लागला. तोशिबाच्या बाजूचं म्हणणं होतं की डीव्हीडी छापायची यंत्रं थोड्या फेरफाराने चालवू, छपाई स्वस्त पडेल. सोनीच्या बाजूचं म्हणणं, यंत्रं नवी घेऊ पण जागा भरपूर मिळेल. मधला रस्ता निघण्यासारखा नव्हता. ०.१ आणि ०.६ची सरासरी काढून कोणाचंच भलं झालं नसतं.

लेझर एकच असूनही ब्ल्यू-रे प्लेअर लाल डबीतली तबकडी का वाचत नाही, तेही यातच आलं. भिंग ०.१ मिलिमीटरसाठी घडवलेलं, थर ०.६वर. तो वाचता आला असता तरी खुणा लिहिण्याची सांकेतिक पद्धत आणि मेनूची भाषा निराळी.

लढाई थोडक्यात अशी. तोशिबाचं एचडी-ए१ हे मशीन एप्रिल २००६मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आलं, सॅमसंगचं बीडी-पी१००० हे पहिलं ब्ल्यू-रे मशीन जूनमध्ये ९९९ डॉलरला. नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ३ आलं, आत ब्ल्यू-रे ड्राइव्ह घेऊनच. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट हा सिनेमा स्टुडिओ एचडी डीव्हीडीकडे गेला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वॉलमार्टने तोशिबाचं एचडी-ए२ ९८.८७ डॉलरला विकलं आणि लोकांनी उड्या टाकल्या. दोन महिन्यांत, ४ जानेवारी २००८ला, वॉर्नर स्टुडिओने आपण फक्त ब्ल्यू-रेच काढणार असं जाहीर केलं. फेब्रुवारीत तेव्हा तबकड्या भाड्याने देणारं नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट या दुकानांनी पाठ फिरवली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने दुकान आवरलं. म्हणजे सर्वांत स्वस्तात घेणाऱ्यालाच सर्वांत कमी दिवस मिळाले. लढाईच्या काळात अचानक पडलेला भाव हा सेल आहे की निरवानिरव, हे तेव्हाच ओळखायला हवं. त्यासाठी मशीनचा भाव पाहून भागत नाही. त्या बाजूला किती स्टुडिओ उरलेत ते मोजायचं.

चुकीची बाजू निवडणाऱ्याचं नेमकं काय गेलं? गंमत अशी की मशीन पहिल्या दिवसापासून पूर्ण होतं. इंटरनेटचं भोक, चित्रात दुसरं चित्र दाखवायला लागणारा दुसरा डिकोडर (दाबलेलं चित्र उलगडणारा भाग), आत थोडी साठवण, हे सगळं एचडी डीव्हीडीच्या नियमांत सुरुवातीपासूनच बंधनकारक होतं. प्रांतबंदी, म्हणजे रीजन कोड, नव्हताच. एचडी-ए१ उघडलं तर आत चक्क पेंटियम ४ आणि १ जीबी रॅम, म्हणजे जवळजवळ एक कॉम्प्युटरच. त्यामुळे चालू व्हायला मिनिटभर घ्यायचं आणि चित्रही १०८०आयच्या (ओळी एकाआड एक दाखवण्याच्या पद्धतीच्या) पुढे जात नव्हतं, ही कुरकुर रास्त आहे. पण विकत घेतलेली तबकडी त्यावर २००६मध्ये जशी चालली तशीच आजही चालते. नवी तबकडी येतच नाही, त्यामुळे नवी कुलपंही (कॉपी अडवणारी सांकेतिक बंधनं) येत नाहीत. नुकसान होतं ते लेझर थकल्यावर. त्या दिवशी एकट्या मशीनचा नाही, कपाटातल्या सगळ्या तबकड्यांचा निकाल लागतो.

जिंकलेल्या बाजूच्या पहिल्या ग्राहकाचं उलट झालं. ब्ल्यू-रेचे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. सुरुवातीच्या मशिनांना प्रोफाइल १.०ची, म्हणजे सर्वांत छोट्या सोयींच्या यादीची, सवलत होती. दुसरा डिकोडर आणि २५६ एमबी साठवण असलेलं प्रोफाइल १.१ नोव्हेंबर २००७पासूनच्या नव्या मशिनांना सक्तीचं झालं. प्रोफाइल २.०ला इंटरनेट जोडणी आणि १ जीबी साठवण लागे. फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलता येतं, पण मागच्या पत्र्यावर नसलेलं नेटवर्कचं भोक अपडेटने उगवत नाही. अपवाद प्लेस्टेशन ३चा: नेटवर्क आणि हार्ड डिस्क आधीपासूनच असल्याने ते अपडेटवरच २.०पर्यंत पोचलं. म्हणून त्या काळातलं सर्वांत शहाणपणाचं ब्ल्यू-रे प्लेअर म्हणजे मुलांसाठी घेतलेलं गेमचं खोकं!

प्रोफाइलपेक्षा मोठी अडचण कुलपांची. ब्ल्यू-रे सिनेमांवर एएसीएस नावाचं कुलूप असतं, काहींवर बीडी+ हे दुसरंही. नवी तबकडी नवी कुलपं आणि नवे मेनू घेऊन येते. जुन्या मशीनला ती चालवायला ताजं फर्मवेअर लागतं आणि कंपनी ते किती वर्षं देणार, हे खोक्यावर छापलेलं नसतं. लक्षण ठरलेलं आहे: २००७ची तबकडी सुरळीत चालते, नव्या तबकडीवर ‘लोडिंग’चं चक्र फिरत राहतं किंवा मेनूवर येऊन मशीन गोठतं. लोक लेझर बदलायला धावतात. जुनी तबकडी नीट चालत असेल तर लेझरला हात लावू नका, आधी फर्मवेअरची तारीख बघा.

सार काढायचं तर जिंकलेल्या बाजूला मशीन म्हातारं होतं आणि तबकड्या टिकतात. पहिल्या वर्षी घेतलेली ब्ल्यू-रे आजच्या नव्या प्लेअरवर चालते. हरलेल्या बाजूला मशीन शाबूत राहतं आणि तबकड्या त्याच्या जिवावर जगतात. त्यामुळे मशीनला जास्त पैसे घालणाऱ्याला वेळेचा फटका बसतो, तबकड्यांना घालणाऱ्याला बाजूचा. दोन्ही तबकड्या चालवणारं एकच मशीन घेऊन प्रश्न सुटतो असंही नव्हतं. एलजीचं बीएच१०० दोन्ही चालवायचं, पण एचडी डीव्हीडीचे मेनू धड दाखवत नव्हतं आणि साधी ऑडिओ सीडी तर वाचतच नव्हतं.

व्हिडिओ कॅसेटच्या काळातल्या सोनीच्या बीटामॅक्स आणि तिच्या प्रतिस्पर्धी व्हीएचएसचंही याच दोन रकान्यांत बसतं. पहिल्या व्हीएचएस मशीनचा आवाज मोनो होता, हाय-फाय आवाजासाठी पुढे नवं मशीन घ्यावं लागलं. जुन्या कॅसेटी त्यात चालल्या. बीटावाल्याच्या कॅसेटी मात्र १९८८मध्ये खुद्द सोनीनेच व्हीएचएस मशिनं काढायला घेतल्यावर पोरक्या झाल्या.

आज तोच प्रश्न एचडीआर, म्हणजे उजेड-सावलीचा जास्त पल्ला दाखवणाऱ्या चित्राबाबत, डॉल्बी व्हिजन की एचडीआर१०+ असा विचारला जातो. इथे धोका बराच कमी आहे, कारण ४के ब्ल्यू-रेवरच्या एचडीआर सिनेमात साधं एचडीआर१० असावंच लागतं, बाकी दोन ऐच्छिक. टीव्ही किंवा प्लेअर त्या बाजूचा नसला तर चित्र एचडीआर१०वर उतरतं, बंद पडत नाही. कोणत्याही लढाईत पैसे काढण्याआधी हे एक विचारून घ्या: माझी बाजू हरली तर हीच वस्तू खालच्या पायरीवर चालेल का?

खोकं उतरलंच असेल तर

आधी डबीवर विसंबू नका, कारण डब्या अदलाबदल होतात. तबकडी हातात घेऊन मधल्या भोकाभोवतीची पट्टी वाचा. दोन्ही बाजूंना चकचकीत थर आणि छपाई फक्त त्या पट्टीत असेल, तर ती बहुधा कॉम्बो तबकडी: एका बाजूला एचडी डीव्हीडी, दुसरीला साधी डीव्हीडी. डीव्हीडीची बाजू आजही चालेल. अट एकच, अमेरिकेतली असेल तर रीजन १चं कुलूप असू शकतं आणि आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे. अमेरिकन ब्ल्यू-रेचंही तसंच: त्यांचा प्रांत ए, भारताचा सी. बऱ्याच तबकड्यांवर बंदी नसते, म्हणून एक अडली की बाकीच्या फेकू नका.

अमेरिकेतून आलेलं मशीनही सापडलं तर प्लग खुपसण्याआधी मागची पट्टी वाचा. ‘१२० व्होल्ट’ एवढंच लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर पॉवर सप्लायचा कपॅसिटर फुटतो किंवा फ्यूज उडतो, बहुतेक वेळा दोन्ही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, पट्टीवरच्या वॅटच्या निदान दीडपट क्षमतेचा. ‘१००-२४०’ लिहिलं असेल तर नुसता पिन अडॅप्टर पुरतो.

मशीन नसेल तर एचडी डीव्हीडीतला सिनेमा वाचवायचे दोन मार्ग. एक, एक्सबॉक्स ३६०चा जुना एचडी डीव्हीडी ड्राइव्ह. तो यूएसबीने कॉम्प्युटरलाही लागतो. दुसरा, एलजीचा जीजीसी-एच२०एल किंवा जीजीडब्ल्यू-एच२०एल हा कॉम्प्युटरचा ड्राइव्ह, जो दोन्ही तबकड्या वाचतो. विंडोज एक्सपीला यूडीएफ २.५ (तबकडीवर फायली मांडायची पद्धत) वाचायला वेगळा ड्रायव्हर लागे, व्हिस्टापासून पुढे नाही. तबकडी उघडल्यावर ‘एचव्हीडीव्हीडी_टीएस’ फोल्डर आणि आत ‘.ईव्हीओ’ फायली दिसल्या की एचडी डीव्हीडी, ‘बीडीएमव्ही’ आणि ‘.एम२टीएस’ दिसल्या की ब्ल्यू-रे. सेकंडहँड ड्राइव्ह घेताना विकणाऱ्यासमोर दोन थरांची, ३० जीबीची तबकडी शेवटापर्यंत वाचून घ्या. थकलेला लेझर पहिला थर वाचतो आणि दुसऱ्यावर अडखळतो.

ओरखडे काढायला डीव्हीडी घासून देणाऱ्याकडे ब्ल्यू-रे कधीच देऊ नका. वर ०.१ मिलिमीटरच आहे आणि त्यावर ओरखडे अडवणारा कडक लेप. घासलं की लेप जातो आणि पाठोपाठ माहितीचा थर. एचडी डीव्हीडीवर ०.६ मिलिमीटर प्लास्टिक असल्याने हलका हात चालतो. टूथपेस्टचा प्रयोग दोन्हींवर नको.

एचडी डीव्हीडीचा खरा शत्रू ओरखडा नाहीच. दोन चकत्यांच्या जोडात हवा आणि ओल शिरली की आतला चकचकीत थर खराब होतो. वॉर्नरच्या तबकड्या यासाठी विशेष बदनाम आहेत. (२००९मध्ये वॉर्नरनेच लाल डबीचं कव्हर पाठवा, वर ४.९५ डॉलर द्या आणि ब्ल्यू-रे घ्या अशी योजना काढली होती. ती कधीचीच संपली.) तबकडी ट्यूबलाइटसमोर आडवी-तिरपी धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके, कडेने आत सरकणारा दुधाळ पट्टा किंवा कॉफीच्या कपाच्या डागासारखं वर्तुळ दिसलं तर आजच कॉपी करा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.

आणि ठेवायची जागा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, माळा त्याहून तापतो आणि खालच्या खोलीत कूलर दिवसभर ओल ओततो. म्हणजे एका जागी चटका, दुसऱ्या जागी दमट. आडव्या रचलेल्या तबकड्या वजनाने आणि उष्णतेने वाकतात, आणि वाकलेली तबकडी म्हणजे वर सांगितलेला तोच कललेपणाचा दोष. डब्या उभ्या ठेवा, आतल्या भिंतीच्या बंद कपाटात, मधल्या फळीवर, कूलरच्या झोताच्या रेषेत नको. नवतप्याच्या कडक उन्हात बाहेरून आणलेली किंवा गाडीत राहिलेली तबकडी लगेच मशीनमध्ये घालू नका. अर्धा तास डबीतच राहू द्या, मग कोरड्या मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही.