‘बोटं हलतायत ना, मग हाड शाबूत आहे’

हात टेकून पडलेल्या माणसाला हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. ते चुकीचं आहे. हालचाल स्नायू आणि त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे करतात. ते धड असतील तर हाड मोडूनही बोटं हलतात.

याचं सगळ्यात फसवं उदाहरण मनगटात आहे. तिथल्या ८ छोट्या हाडांपैकी एक स्काफॉइड, म्हणजे होडीसारखं. अंगठा ताठ करून मागे खेचा. त्याच्या बुडाशी दोन कंडऱ्यांमध्ये एक खळगा दिसेल. पूर्वी लोक त्यात तपकीर ठेवून ओढत, म्हणून शरीररचनाशास्त्रात त्याला ‘तपकिरीची डबी’च म्हणतात. (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.) स्काफॉइड या खळग्याच्या तळाशी असतं. पडल्यानंतर इथे दाबून दुखलं, तर सूज नसली तरी तो मुका मार समजू नये.

गंमत म्हणजे पहिल्या एक्स-रेमध्येही या हाडाची चीर कधीकधी दिसत नाही. मग संशयावरच प्लास्टर घालून १०-१४ दिवसांनी पुन्हा फोटो काढतात, किंवा लगेच एमआरआय करतात. एवढा आटापिटा कशाला? या हाडाला रक्त मुख्यतः अंगठ्याकडच्या टोकातून उलटं, कोपराच्या दिशेने जातं. मधोमध तुटलं की मागचा तुकडा उपाशी राहू शकतो. मग कधी तो जुळत नाही, कधी मरतोही, आणि तसं झालं तर काही वर्षांत सांधा झिजतो.

पावलाच्या मध्यभागी होणारी, त्यामानाने दुर्मीळ ‘लिसफ्रांक’ इजाही अशीच निसटते. तळव्यावर निळा डाग दिसला तर ‘चालता येतंय’ हा पुरावा धरू नका.