पेट्रोलियमची डिग्री नाही म्हणून तेलविहिरीचा नाद सोडू नका

आमच्या खानापूर-निपाणीकडं पोरांना वर्षानुवर्षं एकच ऐकवतात, पेट्रोलियम इंजिनीयरिंग केलं नसेल तर कम्प्लिशन इंजिनीयर होताच येत नाही, आणि तसंही ते काम म्हणजे ड्रिलिंग संपल्यावर विहिरीचं तोंड बंद करणं. दोन्ही चूक आहे बघा.

खोदून झालेली विहीर लगेच तेल देत नाही, तिला तेल देण्याजोगं करणं म्हणजेच कम्प्लिशन. केसिंग, म्हणजे विहिरीच्या भिंतीला आधार देणारा पोलादी पाइप, आणि त्याभोवतीचं सिमेंट झालं की तेलाच्या थरासमोर स्फोटक चार्जनी केसिंगला भोकं पाडतात, मग साधारण ३० फुटांचा एकेक पाइप जोडत ट्युबिंग, म्हणजे तेल वर आणणारी नळी, खाली सोडायचं, ट्युबिंग आणि केसिंगमधली फट बंद करणारा पॅकर बसवायचा, वर व्हॉल्वचं झाड, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. यातल्या पाइपांचा एक थ्रेड (आटे) जरी नीट बसला नाही तरी गळती, आणि मग सगळं परत वर ओढा.

आता सांगा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर थ्रेड गेजनं तपासणाऱ्या मेकॅनिकलच्या पोराला हे परकं कसं? ओएनजीसीच्या भरतीत प्रॉडक्शन-मेकॅनिकल अशी पोस्टच निघालेली आहे, तेलविहिरींची कामं करून देणाऱ्या सर्व्हिस कंपन्याही मेकॅनिकल, केमिकलवाले घेतात आणि कामाचं ट्रेनिंग स्वतः देतात. पेट्रोलियमवाल्याला सुरुवातीला सोपं जातं हे खरं, पण दार फक्त त्याच्यासाठीच उघडं आहे असं सांगून पोरांना मागं ओढू नका.