पाणाड्याचा नारळ आणि कलम 12

महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत 12 प्रकार आहेत. भूत उतरवायला मारहाण करणं, कुणावर करणीचा आळ घेणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं, वगैरे. सगळ्या कृती, समजूत एकही नाही. तसंच असायला हवं, चुकीचा विचार हा गुन्हा कसा ठरवणार? पण त्यामुळे विचारातली खोट ओळखायचं काम कायद्याबाहेरच राहिलं. कोल्हापूरला हे नवं नाही.

संस्थानात 1920 मध्येच देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला. प्रथेमागचा तर्क मात्र शाबूत राहिला. जटेचंच बघा. मुलीचे केस गुंतले की यल्लम्मा देवीचं बोलावणं आलं म्हणायचं, फणी बंद करायची, वर हळद-कुंकू. फणी थांबल्यावर गुंता वाढणारच, आणि वाढला की तोच देवीचा दाखला. जट कापल्यावर घरात आजारपण आलं तर ते कापल्यामुळे. न कापता आलं तर सेवेत कसूर. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, हेत्वाभासांची (वरवर पटणाऱ्या पण खोट्या कारणांची) वर्गवारी कधीची आहे, पण ती पाठशाळेतच राहिली. घराघरांत पोचली ती कावळा बसायला आणि फांदी तुटायला ही म्हण, आणि तीही बहुधा शेजाऱ्याच्या घरातल्या गोष्टींना लावायची.

21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं, हे रंगीत दुधाने दाखवूनही झालं. पण चमचा रिकामा झालेला लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. दूध गेलं कुठे, हा पुढचा प्रश्न कमीच जणांनी विचारला.

कायद्याचा पहिला अध्यादेश 2003 चा. 2005 मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर होऊन पुढे अडकलं. ऑगस्ट 2013 मध्ये पुण्यात झालेल्या नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर काही दिवसांत पुन्हा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. या घासाघिशीत जे सोडून द्यावं लागलं ते कलम 12 मध्ये दिसतं. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना कायदा लागू नाही, हे ठीकच. त्याच कलमात वास्तुशास्त्राचा, ज्योतिषाचा आणि भूजल सांगणाऱ्याचा, म्हणजे पाणाड्याचा, सल्लाही सुटला. समर्थक म्हणतात, एवढी सूट दिली म्हणून कायदा झाला. खरं असेल. तरी नेमका जो तर्क रोज लोकांच्या खिशात हात घालतो तोच मोकळा राहिला, असं मला वाटतं.

पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून शिवारातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथे बोअर. हाताची नकळत होणारी हालचाल हे त्याचं कारण, पण खरी फसगत पुढे आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात असतं, त्यामुळे डोळे मिटून जागा निवडली तरी काही बोअरना पाणी लागणारच. लागलं की पाणाड्याचं नाव गावभर. कोरडी गेली तर पाण्याची शीर चार हात बाजूला होती, किंवा मालकाचंच नशीब. आणि जिथे नारळ आडवाच राहिला तिथे बोअर कुणी मारतच नाही! त्या जागांचा हिशेब नसताना पाणाड्या बरोबर की चूक, हे ठरणार कसं?

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाबद्दल, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडण्याबद्दल, चूक दोन्हीकडून होते. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या तारखा 21 डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच अंतरावर, म्हणजे एकेचाळीस-बेचाळीस दिवसांवर पडतात. दोन्ही वेळी सूर्य दक्षिणेकडे जवळपास तितकाच कललेला असतो, म्हणून पश्चिमेच्या महाद्वारातून मावळतीची किरणं आत येतात. एखाद्या वर्षी ती कमरेपर्यंतच पोचली तर आधी ढग, धूळ आणि महाद्वार रोडवरच्या इमारती बघायला हव्यात; कोप म्हणणारे तो टप्पाच गाळतात. आणि हा निव्वळ योगायोग म्हणून झटकणारे मंदिर बांधणाऱ्यांनी सूर्याच्या मार्गाचं केलेलं निरीक्षण मोजायलाच तयार नसतात.