तासाला 20 मिनिटे : दिव्यांग परीक्षार्थींच्या ‘सवलतीं’ची पार्श्वभूमी

दहावीच्या मराठीच्या पेपराला केंद्रावरच्या एखाद्या वेगळ्या खोलीत दोन मुले शेजारी शेजारी बसलेली असतात. एक अंध परीक्षार्थी, दुसरा त्याचा लेखनिक, आणि हा लेखनिक नियमानुसार खालच्या इयत्तेत शिकणारा असावा लागतो. परीक्षार्थी उत्तर सांगतो, लेखनिक ते उतरवत जातो आणि मध्येच पेन थांबवून विचारतो, ‘‘पहिली की दुसरी?’’ ब्रेलमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीची चिन्हे निराळी असल्याने परीक्षार्थीला उत्तर बहुधा ठाऊक असते. पण प्रत्येक दोन-तीन शब्दांमागे अशी प्रश्नोत्तरे होणार, लिहिलेला परिच्छेद पुन्हा वाचून घ्यावा लागणार, प्रश्नपत्रिका दोनदा ऐकावी लागणार, आणि घड्याळ मात्र शेजारच्या वर्गात चालते त्याच गतीने चालणार. तीन तासांच्या पेपराला मिळणारा चौथा तास या कामात जातो. उत्तर अधिक चांगले करण्यासाठी त्यातला फारसा वेळ उरत नाही.

तरीही शाळेत, शासनाच्या कागदपत्रांत आणि पालकांच्या बोलण्यात या व्यवस्थेला ‘सवलत’ हाच शब्द रूढ आहे. तो का रुजला, आणि ज्यांना लेखनिकाची वा वेळेची गरज होती त्यांपैकी अनेकांना ती मिळवायला न्यायालयापर्यंत का जावे लागले, हे समजून घ्यायचे तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दीर्घकाळ वर वर्णन केलेली एकच जोडी होती, अंध विद्यार्थी आणि त्याचा लेखनिक. बाकी सर्वांना त्या साच्यात बसवून दाखवावे लागले.

अंधांच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अमृतसरला 1887 साली अंधांसाठी शाळा निघाली. मुंबईत 1900 साली अमेरिकन मिशनची आणि पाठोपाठ व्हिक्टोरिया मेमोरियल ही शाळा सुरू झाली. निरनिराळ्या भारतीय भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती वापरात होत्या, त्यांच्या जागी 1951 मध्ये भारती ब्रेल ही समान लिपी आली आणि मराठी मुलाला आपली भाषा बोटांनी वाचण्याची पक्की सोय झाली. शाळेत ही लिपी पुरेशी होती. सार्वजनिक परीक्षेत मात्र अडचण वाचणाऱ्याच्या बाजूची होती, कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाला ब्रेल येत नाही. लेखनिक आला तो या अडचणीवरचा तोडगा म्हणून. विद्यार्थ्याला लिहिता येत होते. ते इतरांना वाचता येत नव्हते. व्यवस्थेच्या उणिवेवरचा हा उपाय पुढे विद्यार्थ्याच्या उणिवेवरची मेहेरबानी म्हणून ओळखला जावा, यातच या इतिहासाचा बराचसा भाग आला.

अपंग व्यक्तींविषयीचा 1995 चा केंद्रीय कायदा 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला आणि परीक्षेतील मदतीला प्रथमच देशपातळीवर कायद्याचा आधार मिळाला. त्याच्या कलम 31 नुसार शैक्षणिक संस्थांनी लेखनिक पुरवायचा होता, पण तो दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्यांना. हाताला कंप असलेला, स्नायूंवर ताबा नसलेला किंवा मेंदूचा पक्षाघात असलेला विद्यार्थी त्या कलमाच्या शब्दांत कुठे बसत नव्हता. त्याआधीच्या कलम 30 मध्ये अंध व अंशतः अंध विद्यार्थ्यांसाठी निव्वळ गणिती स्वरूपाचे प्रश्न वगळता येतील असे बदल परीक्षा पद्धतीत करावेत, आणि कर्णबधिर विद्यार्थ्यांना एकच भाषा घेता यावी अशी अभ्यासक्रमाची फेररचना करावी, असेही सुचवले होते. हेतू चांगला होता, यात शंका नाही. तरी या दोन तरतुदींतला फरक पाहण्यासारखा आहे. लेखनिक दिल्याने विद्यार्थी इतरांचाच पेपर वेगळ्या मार्गाने सोडवतो. गणित वगळल्याने त्याचा पेपरच वेगळा होतो आणि गणितावर अवलंबून असलेल्या शाखांचे दार पुढे त्याच्यासाठी हळूच लोटले जाते. मदत आणि सूट या दोन गोष्टी एकाच शब्दाखाली आल्या आणि तो गोंधळ अद्याप पुरता मिटलेला नाही.

दुसरा प्रवाह डॉक्टरांच्या टेबलावरून आला. नोव्हेंबर 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टराने पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकीकत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. मुलगा हुशार होता, खेळात मागे नव्हता, दृष्टीही उत्तम होती. पण वाचन त्याला जमत नव्हते आणि स्वतःचे नाव लिहिताना तो त्यातली अक्षरे उलटसुलट करी. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गनने नोंदवून ठेवले आहे. परीक्षेतील मदतीमागचे पुढचे सारे तर्कशास्त्र त्या शिक्षकाच्या मतात बीजरूपाने आलेले आहे, कारण मुलाला काय येते आणि ते ज्या मार्गाने मोजले जाते तो मार्ग कोणता, या दोन गोष्टी त्याने सहज वेगळ्या केल्या होत्या. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’, म्हणजे अध्ययन अक्षमता, ही संज्ञा रूढ व्हायला मात्र 1963 साल उजाडावे लागले. तिचे श्रेय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांना दिले जाते.

मॉर्गनच्या टिपणाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, 1996 मध्ये, महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांसाठी परीक्षेतील तरतुदी औपचारिकरीत्या मान्य केल्या. 1995 च्या कायद्यातील सात प्रकारांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे मोल कळते. केंद्राच्या कायद्याने ज्यांना मोजलेच नव्हते अशा मुलांना राज्याने शासन निर्णयाने मोजले, आणि हा फरक पुढची वीस वर्षे राहिला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळे आणि त्याच्या आधारावर वाढीव वेळ, स्पेलिंगच्या चुकांकडे दुर्लक्ष, गणकयंत्राचा वापर, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभवासारखा विषय, तसेच बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभव, असे पर्याय खुले होत. सातवीचे अंकगणित घेऊन दहावी सुटणारा मुलगा नापास होण्याच्या नामुष्कीतून वाचतो, आणि अनेक घरांमध्ये ही सुटका खरोखरच मोठी होती. पण तो निर्णय चौदा-पंधराव्या वर्षी, बहुधा सहामाहीच्या गुणपत्रिकेकडे पाहून, आईवडील घेत असत. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत त्याची किंमत कळे. वेळ आणि लेखनिक यांनी पुढची वाट मोकळी राहते, विषय सोडल्याने ती अरुंद होते, हे शाळांनी पालकांना जितक्या स्पष्टपणे सांगायला हवे होते तितके सांगितले असे मला वाटत नाही.

या तरतुदींचा लाभ मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे झुकला, त्याचे एक कारण अगदी तांत्रिक होते. अध्ययन अक्षमता ठरवायची तर बुद्ध्यांक मोजावा लागतो आणि वाचन-लेखनाची पातळीही. बुद्ध्यांकासाठी नागपूरच्या मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी हाताशी होती. वाचन-लेखन तपासणाऱ्या चाचण्या मात्र मुख्यतः इंग्रजीवर उभ्या होत्या. इंग्रजीत अडखळणारे मूल आणि मराठीत अडखळणारे मूल एकाच तऱ्हेने चुकत नाही. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसल्याने गोंधळ होतो. देवनागरीत उच्चार बराचसा अक्षरातच असतो, पण जोडाक्षर फोडणे, रफार कोणत्या अक्षरावर द्यायचा ते ठरवणे, काना-मात्रा जागच्या जागी ठेवणे यांत मूल थकते. ‘स्पेलिंगच्या चुका धरू नयेत’ हा नियम मराठीच्या उत्तरपत्रिकेला लावायचा तर ‘सूर्य’ऐवजी ‘सुय’ लिहिलेले कोणत्या खात्यात घालायचे, हे परीक्षकाला स्वतःच ठरवावे लागे. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच 2015 मध्ये आला, म्हणजे शासन निर्णयानंतर एकोणीस वर्षांनी.

दरम्यान लेखनिकाबद्दलचा जुना वाद वेगळ्याच ठिकाणी पेटला होता. प्रत्येक परीक्षा मंडळ, बँक आणि भरती यंत्रणा स्वतःचे नियम करी. लेखनिकाचे शिक्षण किती असावे, त्याला किती टक्के गुण असावेत, तो कोणत्या शाखेचा असावा, या अटी जमवता जमवता परीक्षार्थीची परीक्षेआधीच परीक्षा होई. अपंग व्यक्तींच्या मुख्य आयुक्तांच्या आदेशानंतर केंद्र सरकारने 26 फेब्रुवारी 2013 रोजी एकसमान मार्गदर्शक तत्त्वे काढली. 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना लेखनिक मिळावा, त्याच्या शिक्षणावर, गुणांवर वा वयावर बंधन नसावे, परीक्षार्थीला स्वतःचा लेखनिक आणता यावा, वेगवेगळ्या विषयांसाठी, विशेषतः भाषांसाठी, एकाहून अधिक लेखनिक घेता यावेत, आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळावीत, असे त्यांत होते. या 20 मिनिटांचा उल्लेख तत्त्वांमध्ये ‘भरपाईचा वेळ’ असा केलेला आहे. जे आधीच वजा झालेले आहे ते परत देणे, असा त्याचा अर्थ. सरकारी कागदांतला हा एक नेमका शब्द, पण बोलण्यात तो उतरला नाही.

बंधने काढली की गैरप्रकारांची ओरड होते, तशी ती झाली. 29 ऑगस्ट 2018 च्या सुधारित तत्त्वांनी स्वतःचा लेखनिक आणणाऱ्यांसाठी अट परत आणली, की त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावे. दहावीच्या मुलाला नववीतला लेखनिक गावात सापडतो. पदव्युत्तर परीक्षेला गणिताची चिन्हे ओळखणारा, हस्ताक्षर बरे असलेला, चार तास मोकळा आणि तरी एक पायरी खालचा माणूस ऐनवेळी शोधणे किती अवघड असते, हे ज्याने तो शोधला आहे त्यालाच ठाऊक.

त्याआधीच 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा येऊन 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला होता. सातांचे एकवीस प्रकार झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांना कायद्यात जागा मिळाली. कलम 17 मध्ये वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा थेट उल्लेख आहे, आणि तो कोणत्याही एका प्रकारापुरता नाही. महाराष्ट्राचा 1996 चा प्रवाह आणि अंधांच्या लेखनिकाचा जुना प्रवाह येथे कागदोपत्री एकत्र आले. अंमलबजावणीत मात्र 40 टक्क्यांची रेघ तशीच राहिली.

ही रेघ पुसली गेली ती एका उमेदवाराच्या हातामुळे. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. नागरी सेवा परीक्षेसाठी त्यांनी लेखनिक मागितला, पण लेखनिक अंधांना आणि ठरावीक प्रकारच्या दिव्यांगांनाच मिळेल, असे सांगून लोकसेवा आयोगाने तो नाकारला. वैद्यकीय प्रमाणपत्रात त्यांचे अपंगत्व 6 टक्के भरले होते. लिहिणे अशक्य होते ते पूर्णच, टक्केवारी मात्र सहाच. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने 11 फेब्रुवारी 2021 च्या निकालात सांगितले की 40 टक्क्यांची मर्यादा आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिक ही वाजवी सोय असून तिला ती मर्यादा लागू होत नाही, आणि गैरवापराची भीती हे ती नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. त्यानुसार 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी 10 ऑगस्ट 2022 रोजी वेगळी तत्त्वे निघाली.

नियम असूनही तो खोलीपर्यंत पोहोचत नाही, याचा पुरावा त्याच वर्षी, 2021 मध्ये, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेने दिला. लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला तासाभराचा भरपाईचा वेळ न देता केंद्रावर उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले; 23 नोव्हेंबरला न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले, पण पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही आणि त्याची भरपाई कशी करता येईल याचा विचार परीक्षा यंत्रणेने आठवड्याभरात करावा, असे सांगितले.

पुढे 3 फेब्रुवारी 2025 रोजी, बँक भरतीच्या परीक्षांशी संबंधित प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या तत्त्वांचा फेरविचार करण्यास सांगितले आणि 40 टक्क्यांवरच्या उमेदवारांना मिळणारे लाभ सर्व दिव्यांग परीक्षार्थींना मिळावेत असा निर्देश दिला. त्या प्रकरणातील उमेदवाराचा विकारही लिहिताना हात आखडण्याचाच होता. अंध विद्यार्थ्यासाठी बनलेल्या नियमाचा अर्थ डोळे शाबूत असलेल्या, पण हात साथ न देणाऱ्या दोन उमेदवारांनी चार वर्षांच्या अंतराने न्यायालयाकडून लावून घेतला. तालुक्याच्या शाळेत अजून क्रम पूर्वीचाच आहे : आधी जिल्हा रुग्णालयाची तारीख, मग प्रमाणपत्र, मग मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव, आणि मग नववीत शिकणारा, शुद्धलेखन बरे असलेला एखादा मुलगा.