संदर्भनिर्देशन (शोधलेखातील)

शोधलेखात दुसऱ्याचे विधान, आकडे, पद्धत किंवा मत वापरले की त्याच जागी खूण करून मूळ स्रोत दाखवायचा आणि त्या स्रोताचा पूर्ण तपशील लेखाच्या शेवटी किंवा तळटीपेत ठरावीक मांडणीत द्यायचा, या पद्धतीला संदर्भनिर्देशन म्हणतात. मजकुरातला निर्देश आणि सूचीतली नोंद ही त्याची दोन अंगे. मजकुरात नाव आहे पण सूचीत नोंद नाही, किंवा सूचीत नोंद आहे पण मजकुरात तिचा पत्ता नाही, अशी विसंगती संपादकांच्या नजरेतून सहसा सुटत नाही.

प्रचलित शैली शेकड्यांनी असल्या तरी त्यांची घराणी तीनच. पहिल्यात मजकुरातल्या कंसात लेखकाचे आडनाव आणि वर्ष येते व सूची आडनावांच्या वर्णानुक्रमे लागते. हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी गोगलगाईच्या वर्गातल्या एका जीवावरील १८८१ च्या लेखात असे निर्देश दिले. या पद्धतीचा आरंभ सामान्यतः तिथून मानतात आणि ‘हार्वर्ड पद्धत’ हे नावही त्यावरूनच आले असे सांगतात. मानसशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांत चालणारी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) शैली याच घराण्यातली. तिची सुरुवात १९२९ मध्ये एका नियतकालिकात छापलेल्या सात पानांच्या सूचनांनी झाली. २०१९ साली निघालेली सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. दुसऱ्या घराण्यात मजकुरात फक्त क्रमांक असतो आणि सूची निर्देशांच्या क्रमाने लागते. वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांनी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरवलेल्या बैठकीतून यातली सर्वांत परिचित, व्हँकुव्हर शैली निघाली. विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेची शैलीही क्रमांकाचीच, फक्त तिथे क्रमांक चौकोनी कंसात असतो. तिसरे घराणे तळटिपांचे. इतिहास आणि साहित्याभ्यासात ते टिकून आहे, कारण जुना कागद, पत्र किंवा दप्तरातली नोंद यांचे वर्णन करायला तिथे ऐसपैस जागा मिळते. १९०६ पासून निघत असलेली शिकागो शैलीपुस्तिका तळटीप आणि लेखक–वर्ष असे दोन्ही मार्ग देते. ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्याच टिपेतला स्रोत) या जुन्या खुणेपेक्षा आडनाव आणि आखूड शीर्षक पुन्हा द्यावे, असे तिने २०१७ च्या आवृत्तीपासून सुचवले आहे.

या शैलींतला फरक किती वरवरचा आहे, ते एकच नोंद निरनिराळ्या शैलींत लिहून पाहिली की कळते. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा लेख एपीए शैलीत असा येईल: वॉटसन, जे. डी., आणि क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). न्यूक्लिइक आम्लांची रेण्वीय रचना. नेचर, १७१(४३५६), ७३७–७३८. व्हँकुव्हर शैलीत तोच लेख असा: वॉटसन जेडी, क्रिक एफएच. न्यूक्लिइक आम्लांची रेण्वीय रचना. नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८. वर्ष मागे सरकले, आद्याक्षरांमागचे टिंब गेले, शेवटच्या पानाच्या आकड्यातले सामाईक अंक गळाले आणि क्रिक यांचे तिसरे आद्याक्षरही गेले, कारण तिथे दोनच ठेवतात. माहिती मात्र दोन्हीकडे तीच: कोणी, कधी, काय, कुठे, कोणत्या खंडात, कोणत्या पानावर.

म्हणूनच स्वल्पविरामांवर रात्री जागवणाऱ्यांनी आधी तपशिलाकडे पाहावे. लेख स्वीकारला गेल्यावर बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्थांत सूचीतल्या प्रत्येक घटकाला संगणकीय खुणा लावतात आणि विरामचिन्हे त्या टप्प्यावर नव्याने बसतात. खंडाचा आकडा चुकला असेल तर तो यंत्राला आपोआप सुचत नाही. याच कारणाने अनेक नियतकालिके आता पहिल्या फेरीत कोणतीही एक सुसंगत शैली चालवून घेतात आणि आपली शैली दुरुस्तीच्या फेरीत मागतात. तरी ‘लेखकांसाठी सूचना’ हे पान वाचून मगच पाठवावे. त्या पानावर काही लिहिले नसेल तर त्याच नियतकालिकाचा ताजा अंक उघडून छापलेल्या सूचीची नक्कल करावी.

लेखकसंख्येचे नियम मात्र खरोखर वेगळे असतात. एपीए सूचीत वीसपर्यंतची सगळी नावे देते. एकवीस किंवा जास्त असतील तर पहिली एकोणीस, मग तीन टिंबे आणि शेवटचे नाव. मजकुरात मात्र तिघांपासूनच पहिले आडनाव ‘आणि इतर’सह येते. वैद्यकीय नियतकालिकांत पहिली सहा नावे देऊन पुढे ‘आणि इतर’ लिहिण्याचा प्रघात आहे.

डीओआय हा लेखाला मिळणारा कायमचा ओळखक्रमांक. तो ‘१०.’ ने सुरू होतो आणि २००० पासून विद्वत्प्रकाशनात रुळला. संकेतस्थळ बदलले तरी प्रकाशकाने नोंद अद्ययावत ठेवली असेल तर तो वाचकाला योग्य पानावर नेतो. आता तो पूर्ण दुव्याच्या रूपात देतात आणि त्यामागे पूर्णविराम टाकत नाहीत, कारण ते टिंब दुव्यात मिसळू शकते.

झोटेरो, एंडनोट, मेंडेली यांसारखी संदर्भ सांभाळणारी संगणकीय साधने क्रमांक आपोआप बदलतात. मधेच एक संदर्भ घुसवला की पुढचे चाळीस क्रमांक हाताने सुधारण्याची कटकट त्यांनी संपवली. पण ती आयात केलेल्या माहितीवर विसंबतात आणि ती माहिती अनेकदा गचाळ असते. संस्थेचे नाव व्यक्तीच्या रकान्यात गेले की जागतिक आरोग्य संघटनेचे ‘संघटना, जा. आ.’ होते आणि ते तसेच छापूनही येते. लेख पाठवताना निर्देशांना साधनाशी जोडणारे दुवे साध्या मजकुरात बदलून मागितले असतील, तर दुवे जिवंत असलेली प्रत वेगळी जपावी. परीक्षकांच्या शेऱ्यांनंतर तीच लागते.

मूळ लेख न पाहता दुसऱ्याच्या सूचीतून नोंद उचलण्याची सवय जुनी आहे. मिखाईल सिमकिन आणि व्वाणी रॉयचौधरी यांनी २००३ मध्ये भौतिकशास्त्रातल्या एका प्रसिद्ध लेखाचे सुमारे ४३०० निर्देश तपासले. त्यांतल्या १९६ निर्देशांत छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एकच चूक तब्बल ७८ वेळा आली होती. स्वतः लेख उघडणाऱ्या इतक्या जणांकडून पानाचा तोच आकडा नेमका तसाच चुकणे अवघड आहे. त्याहून मजेशीर प्रकार एका नमुना-नोंदीचा. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या सूचनांमध्ये मांडणी दाखवण्यापुरता एक काल्पनिक लेख दिला होता. लेख बनवतेवेळी लेखक साच्यातली ती ओळ पुसायला विसरले आणि अस्तित्वातच नसलेल्या त्या लेखाला शेकडो निर्देश मिळाले. चॅटजीपीटीसारखी भाषेची संगणकीय प्रारूपे आता खऱ्या वाटणाऱ्या खोट्या नोंदी क्षणात रचून देतात, त्यामुळे प्रत्येक डीओआय उघडून पाहणे हे अंतिम तपासणीतले पहिले काम झाले आहे. वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आणखी एक गोष्ट लेखकावर सोपवते: आपण आधारासाठी दिलेला लेख मागे घेतला गेलेला तर नाही ना, हे पाहणे. मागे घेतलेल्या लेखाचा उल्लेख त्या घटनेविषयीच असेल तर चालतो, मात्र तसे नोंदीत स्पष्ट लिहावे लागते.