आयटीआयला बांधकामाचा ट्रेड घ्यायचाय? मुलींचे अर्ज नेमके कुठे अडतात

महाराष्ट्रातल्या आयटीआय प्रवेशात 30 टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. त्या शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरपुरत्याच नाहीत. आरेखक स्थापत्य (इमारतींचे नकाशे काढणं), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), नळ कारागीर, गवंडी, सुतारकाम इथेही आहेत. मुलीच आल्या नाहीत की ती जागा त्याच प्रवर्गातल्या मुलाला जाते, आणि ‘मुलींना यात रस नसतो हो’ म्हणायला सगळे मोकळे.

पात्रतेत फारसं अडत नाही. वय 14 पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही, त्यामुळे लग्नानंतर शिकायचं ठरवलेल्या बाईलाही दार उघडं आहे. आरेखक स्थापत्य आणि वीजतंत्रीला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. गवंडी किंवा तारतंत्रीला दहावी नापासही चालतं.

अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर भरायचा. पैसे भरले, पावती आली, म्हणजे झालं असं समजून घरी बसू नका. मूळ कागद घेऊन आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित करून घ्यावा लागतो. तो निश्चित झाला नाही तर गुणवत्ता यादीत नाव येत नाही, मग टक्के कितीही असोत. यादी आधी प्राथमिक लागते. नावातली, गुणांतली, प्रवर्गातली चूक दुरुस्त करायची संधी तेव्हाच असते, आणि नेमकी तीच यादी कुणी उघडून बघत नाही.

आता खरा घोळ, राखीव प्रवर्गाचे कागद. ओबीसीच्या जात प्रमाणपत्रासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा. म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? खिडकीवरचा माणूस ‘पुरावा नाही’ एवढंच सांगून पुढचा नंबर पुकारतो. चुलत आजोबांचा दाखला चालतो, हे तो सांगत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 ची जुनी जन्म-मृत्यूची नोंद मिळू शकते, हेही नाही. हे काम मुलगी नववीत असतानाच करून ठेवा. आणि लग्न झालेलं असलं तरी पुरावा वडिलांकडचाच लागतो, सासरचा नव्हे. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा किंवा राजपत्राचा कागद सोबत ठेवा.

जात प्रमाणपत्र एकदा काढलं की झालं. नॉन क्रिमीलेयरचं, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याच्या प्रमाणपत्राचं, तसं नाही. त्याची मुदत 31 मार्चला संपते. गेल्या वर्षी भावासाठी धावपळ करताना हिचंही काढलेलं असतं, घरच्यांना वाटतं वर्ष अजून कुठे झालंय, आणि जूनमध्ये तो कागद बाद ठरतो. मग ती खुल्या प्रवर्गात मोजली जाते. आजच कागद काढून खालची तारीख वाचा.

यानंतर विकल्प, म्हणजे कोणता ट्रेड कुठल्या आयटीआयमध्ये हवा याचा पसंतीक्रम. पहिल्या फेरीत पहिल्याच क्रमांकाचा विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. घरचे ‘असू दे, भरून ठेव’ म्हणत शिवणकाम पहिलं टाकायला लावतात, आरेखक चौथ्यावर जातं, आणि मार्क चांगले असल्यामुळेच मुलगी शिवणकामात अडकते. हे बघून जीव तुटतो. जे मनापासून हवं तेच एक नंबरला लिहा. शिवाय दोन वर्षांचा योग्य ट्रेड पूर्ण केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. एक वर्षाच्या गवंडी किंवा नळ कारागीरला ती सोय नाही. डिप्लोमा करून पुढे साइट इंजिनिअर व्हायचं मनात असेल तर क्रम लावताना हे धरून चाला. वडिलांशी वाद होणार असेल तर तो फॉर्म भरण्याआधी होऊन जाऊ दे.

शेवटी शाळा सोडल्याचा दाखला. हाताशी असावं म्हणून अकरावीला प्रवेश घेतलेला असतो आणि मूळ दाखला त्या कॉलेजच्या कपाटात. आयटीआयची जागा लागते तेव्हा हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात आणि मूळ कागदच लागतात. झेरॉक्सवर कुणी ऐकत नाही. कॉलेजचा क्लार्क ‘दोन दिवसांनी या’ म्हणेल, ते गृहीत धरा. जागा लागल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी दाखला परत मिळण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.