बेळगावची पोरं आणि गाण्याची मैफल: थोडी पार्श्वभूमी

आमच्याकडं शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम जाहीर झाला की एखादी तरी आई विचारतेच, "सहा वर्षांच्या पोरीला आणलं तर चालेल काय?" विचारताना तिच्या आवाजात जरा संकोच असतो, जणू पोरगी चुळबुळली तर आपण काहीतरी गुन्हाच करतोय. मला या प्रश्नाचं फार वाईट वाटतं, कारण मुलांना मैफलीची "ओळख करून द्यायची" ही कल्पनाच इथं तशी अलीकडची आहे, आधी गाणंच पोरांच्या वाटेत यायचं.

हे असं का होतं ते बेळगावच्या जागेवरून कळतं. एका बाजूला मिरज, सांगली, कुरुंदवाड, जमखंडी ही पटवर्धनांची संस्थानं, पलीकडं कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला धारवाड, हुबळी, कुंदगोळ. बेळगावातलंच आपलं शहापूर तर संस्थानं विलीन होईपर्यंत सांगली संस्थानातच होतं. त्यात मिरजेहून बेळगाव, लोंढ्यावरून धारवाड-हुबळीला जाणारी रेल्वे आली, आणि पुण्या-मुंबईचा गवई धारवाडला निघाला की वाटेत बेळगाव लागणारच. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी शिकवली, अब्दुल करीम खाँसाहेब शेवटी मिरजेतच स्थायिक झाले, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँ आले, म्हणजे ग्वाल्हेर, किराणा आणि जयपूर या तीन घराण्यांचं, गायकीच्या परंपरांचं, गाणं एका दिवसाच्या प्रवासात.

पण मुलांपर्यंत गाणं पोचलं ते जास्त करून नाटकातून, हे विसरून चालत नाही. संगीत नाटकाला उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1843 चा. 1880 मध्ये पुण्यात त्यांचं शाकुंतल नाटक रंगमंचावर आलं आणि पुढं नाटक मंडळ्या गावोगाव मुक्काम ठोकू लागल्या. नाटक म्हणजे अख्खं घर जायचं, आजी, आत्या, मांडीवरचं पोर सगळे, आणि पद रंगलं की वन्स मोअर, मग त्याच पदात राग खुलवून दहा-दहा मिनिटं गाणं. पोराला यमन राग म्हणजे काय ते ठाऊक नसायचं पण चाल मात्र दुसऱ्या दिवशी अंगणात म्हणून दाखवायचं. रागाशी पहिली गाठ पडायची ती अशी, आणि माझ्या मते यापेक्षा चांगली पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही.

या पट्ट्यातल्या मोठ्या गवयांची लहानपणं बघा की. गदगचे भीमसेन जोशी लहान असताना भजनाची दिंडी, वरातीचा बँड, जे काय वाजतंय त्याच्या मागं चालत सुटायचे आणि थकून कुठंतरी झोपून जायचे, शेवटी कंटाळून वडिलांनी त्यांच्या शर्टावर "जोशी मास्तरांचा मुलगा" असं लिहिलं म्हणजे सापडलं की लोक घरी आणून पोचवतील. गंगूबाई हनगल धारवाडात वाढल्या, आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या, आणि आईचं गाणं ऐकायला खुद्द करीम खाँ घरी यायचे. 1924 च्या डिसेंबरात बेळगावात टिळकवाडीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढंच एक अधिवेशन, त्यात स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची गंगूबाई होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथून जवळच सुळेभावीला शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मले, म्हणजे आपले कुमार गंधर्व. घरात वडील गाणारे, ग्रामोफोनच्या तबकड्या, आणि हा पोरगा ऐकलेलं जसंच्या तसं गाऊन दाखवायचा. अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईच्या जिना हॉलमध्ये त्यानं गायलं तेव्हा जाणकार थक्क झाले होते.

आता इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. कुमारांसारख्या पोरांच्या गोष्टी आम्ही इतक्या अभिमानानं सांगतो की नुसतं ऐकणारं पोर आमच्या डोळ्यांपुढून गायब होतं. त्या जुन्या मैफलीत कोपऱ्यात बसून पेंगणारी, मध्येच समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवणारी शेकडो मुलं असतील, त्यातली बहुतेक पुढं कारकून झाली, शेतकरी झाली, दुकानदार झाली, आणि जन्मभर चांगले श्रोते राहिली. त्यांच्यामुळं गवयाला गावात मुक्काम करावासा वाटायचा.

आणि तो काळ सगळा सोन्याचा होता असंही नाही. खाजगी बैठक म्हणजे पुरुषांचं काम, घरंदाज म्हणवणाऱ्या घरातल्या मुलींना तिथं मज्जाव, आणि ज्यांच्या घरात गाणं होतं त्या गाणाऱ्या बायकांच्या मुलींना समाजात मान नाही. हे बदलायला विष्णु दिगंबर पलुसकरांनी फार काम केलं. मूळचे कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवांकडं शिकले, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिकीट लावून जाहीर कार्यक्रम, वेळेवर सुरुवात, मुलांसाठी क्रमानं लिहिलेली पुस्तकं, मुलींना वर्गात प्रवेश. कुटुंबानं उजळ माथ्यानं गाण्याला जावं ही सोय त्यांच्यामुळं झाली, पण तिकिटाबरोबर खुर्चीही आली आणि खुर्चीबरोबर "गप्प बस" पण आलं.

पलुसकरांच्या शिष्यांनी 1931 मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, त्याचं परीक्षांचं काम मिरजेतून चालतं, त्यामुळं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा हे शब्द आमच्या घराघरात आहेत. परीक्षांनी खूप मुलं गाण्याकडं आली हे खरंच. तरी माझं मन इथं अडतं. आज प्रवेशिका पूर्ण झालेली, भूप रागाची सरगम घडाघडा म्हणणारी मुलं भेटतात आणि त्यांनी समोर बसून एकही मैफल ऐकलेली नसते. क्लासला सोडायला आईवडील वेळ काढतात, मैफलीला न्यायला मात्र "उद्या शाळा आहे".

शहरात रामभाऊ विजापुरे होते तेव्हा निदान ऐकायला मिळायचं. 1917 मध्ये कागवाडला जन्म, 2010 पर्यंत आयुष्य, हार्मोनियमवर मोठमोठ्या गवयांना साथ केलेली आणि बेळगावात बसून पिढ्यांमागून पिढ्या शिकवलेल्या. आकाशवाणीवर 1940 पासून 1971 पर्यंत हार्मोनियमला बंदी होती, त्या काळातही इथं पेटीचं वेड कमी झालं नाही. आणि गावाकडं, खानापूर असो की निपाणीकडचा भाग, एकादशीचं भजन होतंच, तिथं पखवाजाशेजारी बसायला वयाची अट नाही, हातात टाळ मिळाला की पोरगं सामील.

1956 ला राज्य पुनर्रचना झाली, भाषेचं राजकारण तापलं, त्यावर लिहायची ही जागा नाही. गाण्यापुरतं एवढंच की ते वाटलं गेलं नाही. धारवाडचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर मराठी घरात तेवढेच आपले, भीमसेनांचे अभंग कन्नड घरात पाठ. धारवाड आकाशवाणी 1950 मध्ये सुरू झाली, सांगली केंद्रही इकडं लागायचं, सकाळी रेडिओवर तोडी राग चालू आणि आई डबा भरतीय हे माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना आठवेल. खरा फरक टीव्ही, ट्यूशन आणि फ्लॅटनी केला. वाड्याचा सोपा, म्हणजे ओसरी, गेला तशी घरची बैठकही गेली. मग 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद झाले आणि गणेशोत्सवातली रात्रभरची गाणी संपली. मांडवात सतरंजीवर झोपत ऐकणाऱ्या पोरांची जागा तिथंच गेली.

1977 मध्ये दिल्ली आयआयटीतून किरण सेठ यांनी स्पिक मॅके सुरू केलं, कलाकारानं शाळा-कॉलेजात येऊन मुलांसमोर गायचं वाजवायचं. मला त्यातली पद्धत पटते, मुलं जमिनीवर आणि कलाकाराच्या जवळ. कारण लहान मुलाला लांबून दिसतं ते नुसतं बसलेलं माणूस. जवळ बसवा, मग तबलजी हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या वेणीवर, टकटक करतो, मध्येच मधल्या काळ्या शाईवर बोट मारून कान लावतो, वादीखालचा लाकडी गट्टा खाली सरकवतो, ते पोरगं डोळे मोठे करून बघतं. तानपुऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा एक केस सरकवला की आवाज कसा झणकारतो हे त्याला समजवावं लागत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सुट्टीत एक चक्कर मारली तर तानपुऱ्याचा तोच भोपळा वाळत पडलेला दिसतो, तासाभराचं बघणं आहे ते.

शहरात आता आर्ट्स सर्कलसारख्या संस्था कार्यक्रम करतात, लोकमान्य रंगमंदिरासारखी जागा आहे. अडचण वेळेची, कारण बहुतेक रागांची गायची वेळ ठरलेली. संध्याकाळी सहा ते नऊ एवढीच खिडकी उरल्यामुळं मुलांच्या कानावर पूरिया, यमन, भूप हेच पुन्हा पुन्हा पडतात. रात्री उशिराचा दरबारी त्याच्या वेळेला ऐकलेलं पोर मिळणं अवघड, आणि सकाळचे तोडी, ललत तर नाहीच. म्हणून लहान मुलं असलेल्यांनी पहिली मैफल निवडताना दिवाळी पहाट धरावी असं मी सगळ्यांना सांगते. अभ्यंगस्नानाला पोरं उठलेलीच असतात, नवे कपडे अंगावर असतात, तास-दीड तासात फराळाला घरी जाता येतं, आणि पहाटेचा भैरव राग भैरवाच्याच वेळेला ऐकायला मिळतो. पुढं बसा, मध्येच उठावं लागलं तर उठा, चालतं.